सिम कार्ड घेण्याआधी बँड बघा: कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी

माझा भाचा ठाण्याहून शिवाजी विद्यापीठात शिकायला आला. राजेंद्रनगरात तळमजल्यावर खोली मिळाली आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "मामा, ठाण्यात याच कार्डावर सगळं सुसाट चालायचं, इथे आईला साधा व्हिडिओ कॉल लागत नाही. कंपनी बदलू का?" मी जाईपर्यंत त्यानं दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेतलंही होतं, आणि तेही तसंच रडत होतं.

मी त्याच्या पलंगावर बसून फोनमधला रेंजचा आकडा बघितला, मग दाराबाहेर चार पावलं जाऊन पुन्हा बघितला. आत उणे ११८, बाहेर उणे ९४, म्हणजे बाहेर रेंज बरीच चांगली. दोन्ही कार्डं त्या खोलीत २३०० मेगाहर्ट्झच्या बँडला, म्हणजे रेडिओ लहरींच्या एका पट्ट्याला, चिकटून बसली होती आणि त्या लहरींना दोन भिंती ओलांडता येत नव्हत्या. कंपनी बदलली तरी भिंती त्याच राहिल्या.

मी काही वर्षं ड्राइव्ह टेस्टचं काम केलं आहे. गाडीत लॅपटॉप, त्याला जोडलेले चार फोन, आणि शिरोळच्या मळ्यांपासून चंदगडच्या जंगलापर्यंत मैलोन्‌मैल रेंज मोजत फिरायचं, असं ते काम. त्या दिवसांत जे शिकलो त्यातलं, कुणालाही घरबसल्या करता येईल एवढं इथं क्रमानं लिहितो. माझं सांगणं एवढंच आहे की "इथं कुठलं कार्ड चालतं?" हा प्रश्न अर्धवट आहे. माझ्या खोलीत, माझ्या हँडसेटवर, कुठला बँड पोचतो, असं विचारा. त्याचं उत्तर दुकानदाराकडं नसतं, तुमच्या फोनमध्ये असतं.

पहिली पायरी: बँड म्हणजे काय ते हातानं मोजून घ्या

मोबाइल आणि टॉवर रेडिओ लहरींनी बोलतात. या लहरींचे ठरावीक पट्टे सरकार कंपन्यांना लिलावात देतं. एकेक पट्टा म्हणजे एकेक बँड, आणि त्याची ओळख मेगाहर्ट्झच्या आकड्यानं होते. ३०० ला त्या आकड्यानं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ४३ सेंटीमीटर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, आपल्या जुन्या मापानं जवळपास एक हात. १८०० ची लहर सतरा सेंटीमीटरच्या आतबाहेर, वीतभरही नाही. ५जीसाठी शहरात जो मोठा बँड वापरतात तो ३३०० मेगाहर्ट्झचा, त्याची लहर नऊ सेंटीमीटर, चार बोटांहून थोडी जास्त. त्याच्याही पलीकडं २६ गिगाहर्ट्झचा बँड आहे, तिथं लहर बोटाच्या एका पेराएवढीही उरत नाही.

हे माप लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं. हातभर लांबीची लहर विटांच्या भिंतीतून, झाडोऱ्यातून, इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालून बऱ्यापैकी पुढं सरकते. चार बोटांची लहर त्याच भिंतीत दमते. गणपती विसर्जनाला महाद्वार रोडच्या दोन-तीन गल्ल्या आत, दारं लावून घरात बसलात तर ढोलाचा घुमारा छातीत जाणवतो, ताशा मात्र ऐकू येत नाही. लहरींचंही तसंच आहे. मोकळ्या मैदानातसुद्धा फरक पडतो. टॉवरनं तेवढीच शक्ती सोडली, अंतर तेवढंच ठेवलं आणि साध्या अँटेनानं पकडलं, तर ३५०० मेगाहर्ट्झवर हाती येणारी शक्ती ७०० च्या मानानं पंचविसावा हिस्सा असते.

मग सगळ्यांनी ७०० च का वापरू नये? कारण खालच्या, म्हणजे कमी मेगाहर्ट्झच्या, बँडांमध्ये जागाच थोडी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये संपलेल्या लिलावात जिओनं ७०० मध्ये देशभर १० मेगाहर्ट्झची जोडी (एक पट्टा पाठवायला, एक घ्यायला) घेतली, तर ३३०० मध्ये १०० मेगाहर्ट्झचा सलग पट्टा. किमतीतही जमीनअस्मानाचा फरक होता. देशभरासाठी एका मेगाहर्ट्झची राखीव किंमत, म्हणजे किमान बोली, ७०० ला ३,९२७ कोटी रुपये होती आणि ३३०० ला ३१७ कोटी. ७०० चा पट्टा २०१६ आणि २०२१ च्या लिलावांत कुणी घेतलाच नव्हता. उसाच्या रानातल्या पाटासारखं समजा. खालचा बँड म्हणजे शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचणारा पण अरुंद पाट. वरचा बँड म्हणजे मोटारीजवळचा रुंद पाट, पाणी धो धो, पण चार वाफे ओलांडले की जिरून जातं. रेंज लांब हवी की वेग जास्त हवा, यातली निवड कंपनीला प्रत्येक टॉवरवर करावी लागते. म्हणून एकाच टॉवरवर चार-पाच बँड लावलेले असतात आणि तुमचा फोन जिथं असेल तिथून जमेल तो पकडतो.

दुसरी पायरी: तुम्ही कुठल्या सर्कलमध्ये आलात ते बघा

दूरसंचारासाठी देशाचे २२ भाग पाडले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. कोल्हापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये येतं. याच सर्कलमध्ये गोवा आहे, पण मुंबई नाही. मुंबईचं सर्कल वेगळं आणि ठाणंही त्यातच. लिलाव सर्कलनुसार होतो, त्यामुळं एखाद्या कंपनीकडं मुंबईत जेवढा पट्टा आहे तेवढा इथं असेलच असं नाही. "ठाण्यात चालायचं" हा माझ्या भाच्याचा अनुभव खरा होता, पण तो दुसऱ्या सर्कलमधला, टॉवरांच्या दाट जाळ्यातला अनुभव होता.

निपाणी, चिकोडी, बेळगावकडून येणाऱ्यांचं उलटं. ते कर्नाटक सर्कलमधून येतात. कागलच्या पुढं महामार्गावर, किंवा चंदगडच्या शिनोळी भागात, फोन कधी इकडचा टॉवर धरतो कधी तिकडचा. सीमेलगतच्या गावात राहणार असाल तर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडायचं बंद करून एकदा हातानं निवडून बघा. आपोआप ठेवलं की फोन दोन राज्यांत हेलपाटे मारत राहतो आणि बॅटरी खातो.

तिसरी पायरी: कुणाकडं काय आहे

इथं थोडक्यात सांगतो, कारण लिलाव होतात, पट्टे बदलतात.

जिओकडं २जी आणि ३जी कधीच नव्हतं. सप्टेंबर २०१६ ला सुरू झाल्यापासून त्यांचा आवाजही ४जीवरूनच जातो. ४जी साठी ८५०, १८०० आणि २३००, तर ५जी साठी ७०० आणि ३३०० हे त्यांचे बँड. एअरटेल ९००, १८००, २१०० आणि २३०० वर ४जी चालवतं आणि ५जी मुख्यतः ३३०० वर. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एकत्र आले, त्यातून झालेल्या व्हीकडं ९००, १८००, २१०० आणि २५०० आहेत. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी ७०० आणि २१०० वर आहे. त्याचं देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुड्याला झालं.

यातून एक गोष्ट आजच तपासून घ्या. गावाकडं आजीच्या हातात बटणांचा साधा फोन असेल आणि त्यात ४जी नसेल, तर त्यात जिओचं कार्ड चालणार नाही. एअरटेल, व्ही किंवा बीएसएनएलचं २जी लागेल. नातवानं दिवाळीला हौसेनं नवीन कार्ड आणून दिलं आणि आजीचा फोन महिनाभर मुका राहिला, असं मी दोन घरांत बघितलं आहे.

चौथी पायरी: हँडसेटला तो बँड ऐकू येतो का?

टॉवरवर बँड असून उपयोग नाही, फोनच्या आतही तो हवा. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या माहितीत बँडांची यादी असते. ४जीच्या बँडापुढं बी आणि ५जीच्या बँडापुढं एन लिहितात. यादीत बी१, बी३, बी५, बी८, बी२८, बी४०, बी४१ आणि ५जी साठी एन२८, एन७८ आहेत का ते बघा. बी२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, बी५ म्हणजे ८५०, बी८ म्हणजे ९००. डोंगराकडं किंवा शेतातल्या घरात राहणार असाल तर हे तीन सगळ्यात मोलाचे. बीएसएनएल घ्यायचं ठरवलं असेल तर बी२८ आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. फोनला त्यांच्या नेटवर्कवर ४जीतून कॉल लागतो का, तेही विचारा.

परदेशातून नातेवाइकानं आणलेला फोन असेल तर ही यादी दोनदा वाचा. तिकडच्या बाजारासाठी बनवलेल्या फोनात आपल्याकडचा एखादा बँड नसू शकतो. असा फोन शहरात छान चालतो आणि राधानगरीच्या वाटेवर मान टाकतो.

पाचवी पायरी: फोनमधला खरा आकडा काढा

पडद्यावरच्या चार-पाच दांड्यांवर विसंबू नका. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपल्या मनानं ठरवते.

आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की आतली माहिती उघडते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* चालतं, सॅमसंगवर *#००११#. यातलं काही चाललं नाही तर सेटिंगमध्ये फोनविषयी माहिती, त्यात सिमची स्थिती, तिथं रेंज डीबीएम या शक्तीच्या मापात दिसते. सगळ्यात सोयीचं म्हणजे प्ले स्टोअरवरून नेटमॉन्स्टर किंवा नेटवर्क सेल इन्फोसारखं अॅप घ्यायचं. ते लोकेशनची परवानगी मागेल, द्यावी लागते. टॉवरची माहिती वाचायला अँड्रॉइडचाच तसा नियम आहे.

आता तीन गोष्टी कागदावर लिहा.

पहिली आरएसआरपी, म्हणजे टॉवरकडून फोनपर्यंत पोचलेल्या लहरीची शक्ती. हा आकडा नेहमी उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८० किंवा त्याहून वर म्हणजे उत्तम. उणे ९० च्या आसपास निवांत चालतं. उणे १०० च्या खाली गेलं की व्हिडिओ अडखळायला लागतो, उणे ११० ला कॉल तुटायची भीती आणि उणे ११५ च्या खाली फोन नुसता धडपडत असतो. हा आकडा दहानं घसरला की शक्ती दहापटीनं कमी होते. म्हणजे उणे ८० आणि उणे ११० यांत हजारपटीचा फरक आहे. भाच्याच्या खोलीतला चोवीसचा फरक अडीचशे पटींचा होता.

दुसरी एसआयएनआर. कामाचा आवाज आणि आजूबाजूचा गोंगाट यांचं हे प्रमाण. वीसच्या वर असेल तर झकास, पाच-दहा म्हणजे चालतंय, शून्याच्या खाली गेलं की दांड्या कितीही असोत, नेट रखडणार. नवीन माणूस आरएसआरपी बघतो आणि हे सोडून देतो. शहरात खरी मेख इथं असते.

तिसरी चॅनेल नंबर, म्हणजे फोन बँडमध्ये नेमका कुठं बसला आहे ते सांगणारा नंबर. काही अॅप बँडचं नाव थेट दाखवतात, काही फक्त हा नंबर. मग खालची यादी उपयोगी पडते. मी ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचो.

० ते ५९९: बी१, २१०० मेगाहर्ट्झ
१२०० ते १९४९: बी३, १८००
२४०० ते २६४९: बी५, ८५०
३४५० ते ३७९९: बी८, ९००
९२१० ते ९६५९: बी२८, ७००
३८६५० ते ३९६४९: बी४०, २३००
३९६५० ते ४१५८९: बी४१, २५००
५जी, १,५१,६०० ते १,६०,६००: एन२८, ७००
५जी, ६,२०,००० ते ६,५३,३३३: एन७८, ३३०० चा पट्टा

सहावी पायरी: खोलीत फिरून मोजा

ही पायरी घाईत करू नका. शक्यतो खोलीचं डिपॉझिट देण्याआधीच करा. घरमालकांना त्यात वावगं वाटत नाही, उलट ते सोबत येऊन वरच्या मजल्यावर कसं आहे तेही दाखवतात.

पलंगाजवळ, अभ्यासाच्या टेबलाजवळ, स्वयंपाकघरात, खिडकीत आणि दाराबाहेर असे पाच ठिकाणी आकडे घ्या. प्रत्येक ठिकाणी फोन अर्धा मिनिट स्थिर धरा, कारण फोनला नवीन बँड शोधायला वेळ लागतो. पाठीमागं हात घट्ट दाबून धरू नका, अँटेना तिथंच असतो. मग सेटिंगमध्ये जाऊन ५जी बंद करा, फक्त ४जी ठेवा, आणि तेच पाच आकडे पुन्हा घ्या. बऱ्याच तळमजल्यांवर ५जीचा ३३०० चा बँड उंबऱ्याशी थांबतो आणि ४जीचा ८५० किंवा ९०० आतपर्यंत येतो. तिथं ५जी चालू ठेवण्याचा हट्ट केला की फोन दोन्हींच्या मध्ये लटकतो.

५जीचं चिन्ह दिसतंय म्हणजे डेटा ५जीवरून येतोयच असंही नाही. जिओचं ५जी स्वतंत्र उभं आहे, तर एअरटेलनं ५जीची सुरुवात ४जीच्या खांद्यावर उभं राहून केली. खांद्यावरच्या प्रकारात फोन आधी ४जी धरतो, त्या टॉवरनं "माझ्याकडं ५जी आहे" सांगितलं की चिन्ह येऊ शकतं, मग प्रत्यक्ष लहर पोचो न पोचो. म्हणून चिन्ह सोडून चॅनेल नंबर बघा.

मोजणी दोन वेळा करा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊ-दहाला. रात्री जेवण उरकून अख्खी गल्ली मोबाइल उघडते. सकाळी आणि रात्री आरएसआरपी तेवढाच राहिला पण वेग निम्म्यावर आला, तर रेंज ठीक आहे, टॉवरवर गर्दी आहे. गर्दीवर उपाय वेगळा आणि भिंतीवर वेगळा, म्हणून दोन्ही ओळखता यायला हवेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर दांड्या पूर्ण असतात आणि साधा फोटो जात नाही, ती निव्वळ गर्दी.

आणखी एक चाचणी: कुणाला तरी कॉल करा आणि तुमचा आवाज पलीकडं नीट जातो का ते विचारा. टॉवर दहा-वीस वॉटनं बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त वॉटच्या पाचव्या हिश्श्यानं. त्यामुळं टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं पण तुमचं टॉवरला ऐकू जात नाही, अशी वेळ कडेच्या भागात हमखास येते. "तुझा आवाज येतोय, माझा येतोय का?" हे कॉलवरचं आपलं रोजचं वाक्य बहुतेक वेळा तिथूनच येतं. वरच्या बँडात ही अडचण लवकर येते.

कोल्हापूरची जमीन, भिंती आणि ऊस

आता पायऱ्या सोडून जरा आपल्या मुलखाकडं येतो, कारण आकडे कळले तरी त्यांच्यामागचं कारण इथल्या मातीत आहे.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, गंगावेश भागातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगडी आणि जाड. अशा भिंतीपुढं ९०० सुद्धा दमतो. पण या घरांना मधे चौक असतो, आणि चौकातून वरून लहर आत उतरते. खोली चौकाच्या बाजूची घ्या, गल्लीच्या बाजूची नको, असं मी वाड्यात राहायला जाणाऱ्यांना सांगतो. राजारामपुरीत इमारती उंच आणि गल्ल्या सरळ, तिथं गल्लीच्या तोंडाशी ५जी चांगलं येतं आणि मागच्या बोळात पडतं. नव्या कार्यालयांच्या इमारतींना बाहेरून धातूचे पत्रे आणि चकचकीत काचा असतात. काचेवरचा तो पातळ धातूचा थर लहर परतवून लावतो, खिडकीत उभं राहूनसुद्धा आकडा सुधारत नाही.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं फौंड्रीत किंवा मशीनशॉपमध्ये नोकरीला लागला असाल तर एक गोष्ट मनाशी धरा. पत्र्याच्या शेडमधून कुठलाच बँड आरपार जात नाही. लहर आत येते ती दारातून, झरोक्यांतून आणि छपरात मधे मधे बसवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यातून. फोन ठेवायची जागा त्या हिशेबानं निवडा.

पन्हाळ्यावर नवख्याला कोडं पडतं. गड समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर, समोर अख्खा मुलूख पसरलेला, तरी नेट अडखळतं. उंचावरून फोनला एकाच वेळी खूप टॉवर दिसतात आणि सगळे सारखेच दिसतात. आरएसआरपी छान, एसआयएनआर पडलेला. तिथं दोन पावलं मागं सरून एखाद्या भिंतीच्या आडोशाला उभं राहिलं तर वेग वाढतो. भिंत नको ते टॉवर झाकते.

पश्चिमेकडं गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर, आजरा, चंदगड इकडं गोष्टच निराळी. इथं टॉवर विरळ आणि मधे डोंगर. हातभर लांबीची लहरही डोंगरापलीकडं पूर्ण वळत नाही, सावली पडतेच. दरीतल्या वाडीला रेंज नसते आणि शंभर पावलं वर टेकाडावर कॉल लागतो. या भागात काम असेल तर ज्या कंपनीचा ७००, ८५० किंवा ९०० तिथल्या टॉवरवर चालू आहे तीच धरा. वेगाचा विचार नंतर.

"पाऊस लागला की रेंज जाते" हे या पट्ट्यात सगळे सांगतात. ते खरं आहे, पण आपल्या फोनच्या लहरींना पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. कारण दुसरीकडं असतं. डोंगरातल्या बऱ्याच टॉवरांना फायबरची केबल पोचलेली नसते, ते एकमेकांना गोल तबकड्यांनी जोडलेले असतात. त्या जोडणीच्या लहरी पंधरा-अठरा गिगाहर्ट्झच्या, म्हणजे दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर, आणि गगनबावड्याचा पाऊस त्यांना झोडपून काढतो. त्यात वीज जाते आणि टॉवर बॅटरीवर येतो. म्हणून दांड्या दिसत असून नेट बंद असेल तर फोन बंद-चालू करत बसू नका, पाऊस ओसरायची वाट बघा.

उसाबद्दल मला स्वतःला उशिरा कळलं. हातकणंगले-शिरोळकडं एकाच मळ्यातल्या घराचे आकडे आम्ही पावसाळा संपताना घेतले आणि मग तोडणी झाल्यावर घेतले. तोडणीनंतर आकडे सरळ सुधारले. डोक्याच्या वर गेलेला ऊस म्हणजे पाण्यानं भरलेल्या पानांची भिंत, आणि पाणी वरच्या बँडाच्या लहरी शोषून घेतं. मळ्यातल्या घरात खोली घेत असाल आणि रान मोकळं असेल, तर आजच्या आकड्यावर खूश होऊ नका. ऊस वाढेल तेव्हाचा विचार करा.

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडायला लागली, पुढं ४३ ची धोका पातळी जवळ आली, की नदीकाठच्या भागात वीज तोडली जाते आणि टॉवर बॅटरी आणि डिझेलवर येतात. पावसाळ्यात घरात दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं असू द्या. अशा आपत्तीत दूरसंचार विभाग एकाच सर्कलमध्ये दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर जाण्याची सोय चालू करू शकतो. तसं जाहीर झालं तर सेटिंगमध्ये जाऊन दिसेल ते नेटवर्क हातानं निवडून बघा.

सातवी पायरी: आहे त्यात सुधारणा

कार्ड बदलण्याआधी हे करा. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. कॉल टॉवरऐवजी ब्रॉडबँडवरून जातो आणि भिंतींचा प्रश्न मिटतो. तळमजल्यावरच्या खोल्यांसाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. वायफाय नसेल तर जुना फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट करा आणि आत तो वापरा. खिडकीतला उणे ९० तुमच्या टेबलापर्यंत येतो.

ऑनलाइन मिळणारा सिग्नल बूस्टर घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि स्वस्तातला बूस्टर गोंगाटही मोठा करून टॉवरकडं पाठवतो. एका इमारतीतल्या बूस्टरनं अख्ख्या गल्लीचे कॉल तुटताना मी बघितले आहेत. तो शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

घराजवळ टॉवर आहे म्हणून घाबरणारेही भेटतात. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहावा हिस्सा आहे, १ सप्टेंबर २०१२ पासून. सरकारच्या तरंग संचार संकेतस्थळावर आपल्या भागातले टॉवर नकाशावर बघता येतात. टॉवर जवळ असला की तुमचा फोन हळू बोलतो, लांब असला की ओरडतो. कानाशी असतो तो फोन.

आठवी पायरी: तरीही बदलायचं असेल तर

आधी शेजाऱ्यांचे फोन मागून घ्या. चार कंपन्यांची चार कार्डं असलेली माणसं एका मजल्यावर हमखास सापडतात. तुमच्याच खोलीत, तुमच्याच पलंगाजवळ त्यांचे आकडे घ्या. कंपन्यांनी आपला कव्हरेज नकाशा संकेतस्थळावर ठेवावा असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम आहे, तोही बघा. पण नकाशा घराबाहेरचं सांगतो, आतलं शेजाऱ्याचा फोन सांगतो.

निवड पक्की झाली की, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला, इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहा, मोकळी जागा सोडून आपला नंबर लिहा आणि १९०० वर मेसेज पाठवा. आठ अक्षरी कोड येईल, तो महाराष्ट्रात चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. नुकतंच कार्ड हरवून नवं काढलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात, मुंबई किंवा कर्नाटकातला नंबर इथं आणायचा असेल तर पाच. ज्या रात्री बदल होणार असतो तेव्हा काही वेळ फोन बंद पडतो, म्हणून बँकेचं काम आधी उरकून घ्या.

नवं कार्ड टाकल्यावर पुन्हा तेच पाच आकडे, त्याच पाच जागी. माझ्या भाच्यानं शेवटी दुसरं कार्ड ठेवलं, ५जी बंद करून ४जीवर आणलं, तेव्हा फोननं ९०० धरला आणि पलंगाजवळचा आकडा उणे १०१ वर आला. आईशी रोज रात्री बोलणं होतं. परीक्षेच्या दिवसांत मोठ्या फायली उतरवायच्या असल्या की तो गच्चीवर जातो आणि तिथं ५जी चालू करतो.